शब्दाचं वजन

आमच्या आजोळी नरसिंगराव इनामदार होते. अंगानं इतके ऐसपैस की ते गाडीत बसले की बैल मागं वळून बघायचे. एकदा धापा टाकत ठकूबाईच्या शेतात आले नि म्हणाले, "ठकू, ही बाजरी मोड, ऊस लाव. विहीर भरलीय तुझी."

"सरकार, ऊस ती विहीर तळापर्यंत पिईल. मग आम्ही काय प्यावं?"

"गावात माझ्या शब्दाला वजन आहे, ठकू!"

"आहे ना. पण वैद्यबुवांनी तुम्हाला काय सांगितलंय?"

इनामदार पुटपुटले, "वजन उतरवा, बाजरीची भाकरी खा."

"मग शब्दापासूनच सुरुवात करा, सरकार. भाकरीची बाजरी मी धाडते."

इनामदारांना हसू आलं. जाताना हळूच विचारलं, "कापणी कधी गं?"