कोंडाईचं शिवेवरचं घर

जपून या पाहुणे, काटे आहेत. ही दगडांची रांग म्हणजे दोन वाड्यांची शीव. अलीकडे वरची वाडी, पलीकडे खालची. आणि आमचं हे पोरक्या लेकरांचं घर बरोब्बर शिवेवर. चूल वरच्या वाडीत, अंथरुणं खालच्या. हसू नका, गंमत म्हणून नाही बांधलेलं.

फार मागं पटकीची साथ आली म्हणे. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवेलागणीला गार. अशा वेळी मरीआईचा गाडा काढायचे. त्यावर हळदकुंकू, नैवेद्य, हिरव्या बांगड्या ठेवून तो शिवेपार ढकलायचा. देवीबरोबर रोगही जातो, अशी समजूत. पुढचं गाव तोच गाडा आपल्या पलीकडच्या शिवेवर सोडायचं. इथवर ठीक होतं. पण त्या साली लोकांची मतीच फिरली. घरातले सगळे मेले आणि एखादं लेकरू उरलं, की त्याला देवीनं मागितलंय म्हणायचे आणि गाड्यावर बसवायचे. ते रडलं तरी मागं वळून बघायचं नाही, बघितलं तर रोग परत येतो! जळो मेली ती भीती.

कोंडाई कुंभारीण शिवेवर माती खणत होती. गाडा तिच्यासमोर येऊन थांबला. वर दोन पोरं, रडून रडून गप्प झालेली. तिनं त्यांना खाली उतरवलं. गाड्यावरचं काही उतरवणाऱ्याला गावबंदी, हे तिला ठाऊक होतं. तिची स्वतःची लेक यसू घरी नवऱ्यापाशी होती. साथ सरली की तुला न्यायला येते, असं कोंडाई लेकीला लांबूनच ओरडून सांगत राहिली म्हणे.

तिनं इथंच पाल ठोकलं. आगीतून निघालेल्या मडक्याला रोग चिकटत नाही, म्हणून लोक तिची मडकी तेवढी उचलायचे आणि बदल्यात पीठ ठेवून जायचे. जसा गाडा येई तशी पोरं वाढली. मोठ्यांनी धाकट्यांना आधी भरवायचं, हा नियम तिचाच. काही पोरं वाचली नाहीत. त्यांना तिनंच मूठमाती दिली.

मग तिचा नवरा गेला. आता यसूला इकडेच आणतील, म्हणून ती वाटेकडे डोळे लावून बसली. पण पंच म्हणाले, "ही बया गाडा अडवते, म्हणून साथ हटत नाही. औंदा डोंगराच्या अंगानं काढा." यसू त्या गाड्यावर होती. कोंडाईला कळेतो तो किती शिवा ओलांडून गेला, देव जाणे. ती गावोगाव विचारत धावली. "पुढं ढकलला," एवढंच सगळे सांगायचे. इकडे पोरं उपाशी, म्हणून शेवटी तिला परतावं लागलं. कशी परतली असेल हो ती!

म्हातारपणी तिची नजर गेली, असं सांगतात. नवं लेकरू आलं की चाचपडत विचारायची, "यसू, आलीस का गं?" पोरं नाही म्हणायची. ती बरं म्हणून भाकरी वाढायची. एकदा एक भेदरलेली पोर आली. नाही म्हटलं तर इथूनही पुढं ढकलतील, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "आले, आई."

यसू असती तर एव्हाना तिला नातवंडं झाली असती. म्हातारीला का ते कळत नव्हतं? तरी तिनं त्या पोरीला पोटाशी धरलं. म्हणाली, "किती उशीर केलास, बाई."

आजही इथं लेकरू आलं, मुलगा असो की मुलगी, त्याला दारात "यसू, आलीस का गं?" असंच विचारतात. ते "आले" म्हणेपर्यंत त्याचा हात सोडायचा नाही, अशी इथली रीत. आज सकाळीच एक आलंय. अजून बोललेलं नाही. आता हे घर सांभाळणारी आमची बाई त्याचा हात धरून दारातच बसलीय.