कानातलं कलम

एका मुलखात आपला मित्र कोण, हे रोज सकाळी उठून विचारावं लागे. काल ज्याच्याशी लढाई, आज त्याच्याशी सोयरीक. आज ज्याला मिठी, परवा त्याच्यावर तोफा. सांगणाऱ्यानं तरी किती ध्यानात ठेवायचं? राजे तीन. मधला रुक्मसेन, उत्तरेचा भद्रकेतू आणि पश्चिमेची राणी हिरावती. तिघांचा डोळा एकाच गरुडमाळ किल्ल्यावर. त्याच्या तटावर सोन्याची कणसं उगवत, आणि जो ती कापी त्याच्या घरी पुन्हा अन्न शिजत नसे. हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी हवा म्हणजे हवाच! काय म्हणावं आता?

रुक्मसेनाचा वकील होता विसाजी. दरबारोदारी फिरून तह जुळवणं हे त्याचं काम. तह सगळ्यांसमोर वाचायचा आणि मग राजाला बाजूला घेऊन एक कलम त्याच्या कानात सांगायचं, जे दुसऱ्या कुणी ऐकायचं नाही. तह मोडे तो नेमका त्या कानातल्या कलमापायी. विसाजीनं असे चाळीस तह जुळवले आणि चाळीसही मोडलेले पाहिले.

तहाला ओलीस लागे. एकदा विसाजीची सात वर्षांची सगुणा भद्रकेतूकडे ओलीस गेली. महिना उलटला नाही तोच रुक्मसेनानं तह मोडला. भद्रकेतूच्या पदरी एक मांत्रिकीण होती. तिनं चिमूटभर राख फुंकली, आणि सगुणेची साळुंकी झाली. विसाजी धावत गेला, त्यानं मांत्रिकिणीचे पाय धरले.

"उःशाप द्या, आई."

"तिन्ही राजांचा एक तह कर. त्यात कानातलं एकही कलम उरू नये. त्या घटकेला पोर माणूस होईल."

"एवढंच?"

मांत्रिकीण हसली. "एवढंच."

बारा वर्षं विसाजी पिंजरा हातात घेऊन फिरला. साळुंकी बोले, पण तहातलीच वाक्यं बोले. "भूक लागली का गं, बाळ?" असं विचारलं, की म्हणे, "चंद्रसूर्य असेतो उभयतांचा स्नेह अखंड राहील." मग बाप भिजवलेली डाळ पुढे करी.

तेराव्या वर्षी त्याचे गुडघे गेले. तो म्हणाला, आता ही शेवटची खेप. आधी गेला भद्रकेतूकडे.

"तहाला यावं, महाराज."

"येईन. पण मला काय मिळेल?"

"शांतता."

"ती काय चाटायची? कानात सांग काहीतरी."

विसाजीनं फार विनवण्या केल्या. भद्रकेतू कान पुढे करून बसलेला, हलेचना. शेवटी विसाजी वाकला आणि कुजबुजला, "गरुडमाळ तुमचा." मनाशी म्हणाला, एकदा येऊ तर देत, पुढचं पुढे. हिरावतीकडेही तेच झालं. आणि रुक्मसेन, ज्याचं मीठ विसाजी जन्मभर खात आला, तोही कान पुढे करून बसलेला! त्यालाही तेच सांगावं लागलं. शी! वाकून वाकून म्हाताऱ्याची पाठ भरून आली.

तिघांपैकी कुणीच दुसऱ्याच्या मागून आत शिरेना, म्हणून तहासाठी उभारलेल्या तंबूला तीन दारं केली. नगारा वाजला, तिघं एकदमच आत आले. तह वाचला, शिक्के उठले. साळुंकी साळुंकीच राहिली.

विसाजी मधोमध उभा राहिला.

"महाराज, राणीसाहेब, मी तिघांच्याही कानात एकच सांगितलं. गरुडमाळ तुमचा."

तीन तलवारी उपसल्या गेल्या. पण उगारायची कुणावर? एकानं किल्ल्याकडे पाऊल टाकलं तर उरलेले दोघे त्याच्यावर तुटून पडणार, हे आता उघड होतं. हिरावतीनं दोघांकडे पाहिलं.

"तुम्हालाही सांगितलं?"

"आम्हालाही," दोघे म्हणाले.

तिघं हळूहळू खाली बसले. तेही थकलेच होते म्हणा! गरुडमाळ कुणीच घ्यायचा नाही, असं नवं कलम सगळ्यांसमोर लिहिलं गेलं.

विसाजीनं पिंजऱ्याकडे पाहिलं. साळुंकी दाणा टिपत होती. कानातलं काही उरलं होतं का? उरलं होतं. त्याला ते बारा वर्षं ठाऊक होतं. तो पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"सगुणे, तुला मेण्यात बसवताना मी तुझ्या कानात म्हणालो होतो, आठ दिवसांत न्यायला येतो. ते खोटं होतं. रुक्मसेन महाराज महिन्याच्या आत तह मोडणार, हे मीच आदल्या दिवशी राणीसाहेबांच्या कानात सांगून आलो होतो. स्वतःचीच पोर पाठवली, म्हणजे भद्रकेतूंना संशय येणार नाही. जाणूनबुजून पाठवली, बाळ."

पिंजऱ्याच्या काड्या मोडल्या. तिथे विशीची तरणी मुलगी बसली होती. डाळीचा एक दाणा अजून ओठाला चिकटलेला.

गरुडमाळच्या तटावरची सोन्याची कणसं त्याच दिवशी वाळून गेली. पुढे तिथे नाचणी पिकली, आणि ती शिजलीही. तह टिकला, मोडायला त्यात कानातलं काही नव्हतंच. विसाजीला तिघांनी जिवंत सोडलं, पण दरबार कायमचा बंद केला.

त्या दिवशी सगुणेनं बापाला मिठी मारली नाही. ती तंबूच्या दाराशी जाऊन थांबली.

"आबा, चालवतं ना?"

"चालवतं."

"मग चला घरी. आणि वाटेत काही सांगायचं असेल तर मोठ्यानं सांगा."

म्हातारा मोठ्यानं "हो" म्हणाला.