चिमणीचा वन्स मोअर

नंदनपुरीच्या नकाशात म्हैस नव्हती आणि येसूच्या दारात ती होती. भांडण एवढंच.

नंदनपुरी ही काही आपोआप वाढलेली वस्ती नव्हे. ती नाटक कंपनीनं वसवली होती. सुखविलास नाटक मंडळीचे मालक आणि मुख्य गवई अण्णासाहेब अष्टपुत्रे यांच्या नाटकातली स्वर्गनगरी लोकांना इतकी आवडे, की पडदा पडला तरी माणसं खुर्ची सोडत नसत. मालक म्हणाले, यांना इथंच राहायचंय तर राहू द्या. त्यांनी महाराजांकडून गावाबाहेरचा माळ मिळवला आणि नाटकातली नगरी विटाचुन्यात उभी केली. सगळ्या घरांना सारख्या निळ्या खिडक्या, मधोमध चौक, चौकात कारंजं.

नियमही नाटकाचेच. रस्त्यावर यायचं ते हसऱ्या तोंडानं. धुणं मागच्या बाजूला, म्हणजे विंगेत. भांडण, खोकला आणि तक्रार, सगळं विंगेत. चौकातल्या झाडाला बारमाही आंबे लगडलेले, कागदाच्या लगद्याचे. एका वकिलानं आल्या आल्या एक खाल्ला. त्यानं तक्रार केली नाही, कारण विंगेत उभं राहायला जागा नव्हती, धुणं वाळत होतं.

येसूचा नवरा धोंडू कंपनीत पडदे ओढायचा, म्हणून तिला टोकाचं घर मिळालं होतं. म्हशीचं नाव चिमणी. नाव ठेवणाऱ्याची नजर अधू असावी. पण घर चालायचं ते चिमणीच्या दुधावर, कारण धोंडूचा पगार कंपनी बहुतेक टाळ्यांतच भागवी.

रविवारी महाराज नंदनपुरी बघायला येणार होते. खूश झाले तर शेजारचा माळही देणार होते. मालक आदल्या दिवशी पाहणीला निघाले. हिंडत हिंडत येसूच्या दारात आले. त्यांनी चिमणीला पाहिलं. चिमणीनं त्यांना पाहिलं आणि त्यांच्या नव्या पंप शूजवर, म्हशीला जे सुचतं ते केलं.

हुकूम तिथल्या तिथं सुटला. उद्या म्हैस विंगेत दडवायची आणि महाराजांची पाठ वळली की बाजारात, नाहीतर घर खाली. येसूनं पुष्कळ विनवलं. मालक ऐकेनात. तेव्हा तिनं विचारलं, कंपनीत पाय रोवायचा तर कलावंताला काय करावं लागतं?

मालकांची छाती फुगली. त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज होता. ज्याला प्रेक्षकांतून वन्स मोअर मिळाला, त्याला कंपनीतून काढायचं नाही. आणि वन्स मोअर मिळाला की ते पुन्हा करून दाखवायचंच, मग घरात सुतक असो.

"असं कर येसू," मालक म्हणाले, "तुझ्या चिमणीला महाराजांकडून वन्स मोअर मिळव. मग ती आमची जन्माची नटी."

सगळा चौक हसला. तसा तो नियमानं आधीपासूनच हसत होता.

"चारचौघांत बोललात, मालक."

"बोललो."

घरी येऊन पाहते तर घर खाली करायचं म्हणून धोंडूनं बाज सोडायला घेतलेली. येसू त्याच्याजवळ बसली आणि तिनं विचारलं, उद्या महाराजांपुढं करायच्या त्या गवळणीच्या प्रवेशात लोट्यातनं काय ओततात? धोंडू म्हणाला, चुन्याचं पाणी. आधी खरं दूध होतं, पण दुसऱ्या अंकापर्यंत नट शिल्लक ठेवीनात.

"बाज परत वीण," येसू म्हणाली.

रविवारी भर उन्हात महाराज आले. कारंजं पाहिलं, आंबे पाहिले, वकिलानं नको नको म्हणून डोळ्यांनी खुणावलं म्हणून ते चाखायचे राहिले. मग चौकात गवळण उभी राहिली, मिशी नुकतीच काढलेली. ती गात गात या लोट्यातनं त्या लोट्यात पांढरी धार धरू लागली. महाराजांचा घसा सुकला होता.

"वा, एक पेला इकडे द्या."

गवळणीनं मालकांकडे पाहिलं. मालकांचा चेहरा लोट्यातल्या चुन्यासारखा झाला.

"सरकार, ते... ते स्वर्गातलं दूध आहे."

"मग तर द्याच."

नटाला भाषण आठवलं नाही की तो विंगेकडे बघतो. मालकांनी बघितलं. विंगेत धुण्याच्या दोरीखाली येसू उभी होती, हातात काठोकाठ भरलेली चरवी. मालकांनी मान डोलावली. ती पदर सावरत चौकात आली आणि तिनं पेला भरला.

महाराजांच्या वाड्यात दूध पुष्कळ हातांतून येई आणि प्रत्येक हात ओला असे. हे दूध त्यांनी एका दमात संपवलं, मिशीवरची साय पुसली, आणि जन्माचे नाटकवेडे ते, सवयीनं ओरडले, "वन्स मोअर!"

येसूनं हात जोडले. "मालक, मिळाला."

मालक कुजबुजू लागले की तो दुधाला मिळाला, म्हशीला नव्हे. महाराजांनी काय भानगड आहे ते विचारून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "अष्टपुत्रे बरोबर बोलतात, बाई. आम्ही तुझी म्हैस पाहिलीसुद्धा नाही."

"खरं हाय, सरकार. एवढंच इचारते. मालकांच्या पदाला वन्स मोअर मिळाला, तर पुन्हा कोण गातं?"

"मी गातो," मालक म्हणाले. "दुसरं कोण?"

"आता वन्स मोअर मिळाला दुधाला." येसूनं रिकामी चरवी मालकांच्या हातात दिली. "मग पुन्हा कोण देणार? तुम्ही?"

महाराजांनी मालकांकडे पाहिलं, चरवीकडे पाहिलं, आणि असे हसले की पागोटं कारंज्यात पडलं. मालक चरवी धरून उभे होते. शेवटी त्यांनाही हसावं लागलं. ते तर रस्त्यावरच होते.

महाराजांनी विचारलं, मग आमचा वन्स मोअर कधी? येसू म्हणाली, चिमणी सांजच्याला रंगात येते. महाराज सांजेपर्यंत थांबले. जाताना टोकाचं घर येसूच्या नावे करून गेले, धोंडूचा पगार रोख ठरवून गेले, आणि शेजारचा माळही मालकांना देऊन गेले, फक्त तिथं प्रत्येक घरामागे गोठा बांधायच्या अटीवर.

पुढच्या खेळाच्या हस्तपत्रिकेत पात्रांच्या यादीत चिमणीचं नाव छापून आलं, मालकांच्या नावाच्या वर. तो क्रम महाराजांनीच लावला होता.