राज्यशास्त्राची फी

शिराळवाडीच्या तहसीन मुजावरला राज्यशास्त्रात एम.ए. करायचं होतं. त्यासाठी तिने पतसंस्थेकडे दोन लाखांचं कर्ज मागितलं. अध्यक्ष वसंतराव खोत स्वतः इंजिनिअर. संचालकांसमोर अर्ज नाचवत ते म्हणाले, "हे शिकून पगार किती मिळणार, पोरी? कर्ज फेडणार कशी?"

तहसीनला वेगळंच कुतूहल होतं. "साहेब, तुम्ही आमदारकीला दोनदा उभे राहिलात. खर्च किती आला?"

"तीस लाख," अध्यक्ष पुटपुटले.

"आणि का हरलात, ते कळलं?"

"अजून नाही."

"मग मी दोन लाखांत शिकून येते आणि तुम्हाला सांगते."

संचालक खो खो हसले. अध्यक्षांनी मात्र गंभीरपणे सही केली आणि हळूच विचारलं, "कोर्स किती वर्षांचा? निवडणूक तीन वर्षांवर आली आहे."