ठकूबाईचा दंड

“...पण मग पुरावा अर्धाच ठेवायचा का, सर?”

अंगावर चट्टे उठून माणूस झिजत जातो, त्या रोगाचा जंतू डॉक्टर टिपणीसांनीच शोधला होता. औषध मात्र सापडलं नव्हतं. जंतू सापडल्यापासून ते रोग्यांच्या वस्तीतच राहत होते.

समोर त्यांचा शिष्य मोरेश्वर उभा होता. हुशार पोरगा, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याच्या हातात त्याच जंतूंनी भरलेली सिरिंज होती.

“सशांना टोचलं, माकडांना टोचलं. काही होत नाही. निरोगी माणसाला टोचून रोग झाला, तरच जग मानेल.”

“कुणाला टोचणार?”

“ठकूबाईला.”

ठकूबाई नवऱ्याच्या सोबतीला वस्तीत आली होती. नवरा गेला. तिला स्वतःला काही झालं नव्हतं, तरी सासरनं दार उघडलं नाही, माहेरनंही नाही. वस्तीतल्या बाईच्या हातचं पाणी कोण पिणार? कडेच्या खोलीत ती एकटीच राही. वाईट वाटावं असं तिचं जिणं होतं, पण आता कुणाला वाटतही नसे.

“तिला विचारलंस?”

“विचारलं. रोग होईल, बहुधा त्यातच जाशील, हेही सांगितलं. मी काही कसाई नाही, सर.”

“मग?”

“लगेच हो म्हणाली.”

“काहीच विचारलं नाही तिनं?”

“एवढंच, की... टोचल्यावर तुम्ही कुणी रोज याल का?”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, यावंच लागेल. रोज दंड हातात घेऊन बघावा लागेल.”

“आणि ती?”

“चोळीची बाही वर सारून बसली. अजून तशीच बसली असेल.”

...

शेजारच्या खोलीत कुणीतरी बराच वेळ खोकत होतं.

डॉक्टरांनी हात पुढे केला. गुरू स्वतःच टोचणार, असं वाटून मोरेश्वरनं सिरिंज त्यांच्या हाती दिली.

त्यांनी ती फिनेलच्या बादलीत रिकामी केली.

मोरेश्वरची कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती.

“सर... आता तिला काय सांगू?”

“मी रोज येईन म्हणून सांग.”