पोशाचा कोंड आणि अळणी अमावास्या

हा बांध बघा. इथवर सरळ येतो आणि इथेच आत वळतो. त्या वळणात पाणी साचलंय, त्याला पोशाचा कोंड म्हणतात. पलीकडे खाडी, अलीकडे आमची भातशेती. खारं पाणी आत शिरलं की जमीन काही वर्षं कामातून जाते. म्हणून पूर्वी प्रत्येक घराने बांधाचा आपापला वाटा राखायचा, आणि ज्याच्या हातून तो फुटेल त्याने गाव सोडायचं, अशी देवीपुढे घेतलेली शपथ होती.

फार जुनी गोष्ट. समोरच्या किल्ल्यावर मूठभर माणसं, आणि त्यांच्यावर एक परका सरदार अफाट फौज घेऊन चालून आला. बरोबर हत्तींनी ओढलेल्या अवजड तोफा. त्या काळचे रणगाडेच म्हणा. किल्लेदाराने दरडी लोटून घाटाची वाट बुजवली आणि शेतांची वाट मुद्दाम मोकळी ठेवली. फाल्गुन होता. जमीन वरून टणक, खाली मात्र चिकट गाळ. किल्लेदार गावात येऊन म्हणाला म्हणे, "अमावास्येला दुपारी उधाण येईल, तेव्हा बांध फोडा. नंतर मी तो दगडात बांधून देईन, दाणागोटाही पुरवीन."

पाटलाने गावकी बसवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण अमावास्येला तोफा शेतांच्या मधोमध आल्या, तरी फावडं कुणी उचलेना. शपथ प्रत्येकाला आठवत होती. शेवटी पोशा म्हात्रे नावाचा शेतकरी पुढे झाला. "माझे वाट्याचा बांध मी फोरतो," एवढंच बोलला आणि त्याने घाव घातला.

पाणी आत धावलं. चाकं रुतली, हत्ती पोटापर्यंत फसले, आणि किल्ल्याच्या माणसांनी डोंगरउतारावरून उरलेलं काम केलं. त्या चिखलातून एकही तोफ बाहेर निघाली नाही, असं सांगतात. किल्ल्यावर नगारे वाजले.

गावाला काय मिळालं? मीठ. पाऊस आला, लावणी झाली, रोपं पिवळी पडून मेली. किल्लेदाराला बक्षीस म्हणून मोठा मुलूख मिळाला, तो तिकडे निघून गेला. ना दगड आला, ना दाणा. गरज सरो, वैद्य मरो. पोरं उपाशी झोपू लागली, तेव्हा किल्लेदारावरचा राग गावाने पोशावर काढला. गावकी पुन्हा बसली.

पोशा म्हणाला, "पाटील, तुमीच बोललाव ना, फोर म्हनून?"

पाटील म्हणाला, "बोललो. पन फावरा तुजे हाती व्हता."

बायकोमुलांसह पोशाला गावाबाहेर घातलं. लढाईत नाही, पण त्या दिवशी हे गाव हरलं, असं मला वाटतं. त्याची शेतं पाटलाने राखायला म्हणून घेतली. फुटल्या जागी खोल खड्डा पडला होता, त्याला वळसा घालून नवा बांध घातला. पोशा डोंगरापलीकडे अन्नावाचून मेला म्हणे. पुढे गावात पटकी आली, लोक घाबरले, आणि प्रायश्चित्ताचं ठरलं.

आजही फाल्गुनी अमावास्येला घरोघर बिनमिठाचा भात शिजतो आणि पहिलं पान पोशाच्या नावाने इथे कोंडाकाठी ठेवतात. पान ठेवायचा मान पाटलांचा, कारण पोशाची जमीन अजून तेच कसतात. पोशाचा वंश डोंगरापलीकडच्या वाडीत नांदतोय. त्यांना बोलवा, असं मी दरवर्षी सांगतो. पाटील म्हणतात, "शपथ मोरलेल्याचे वंशाला बांधावर कसा उभा कराचा?"