वेशीने राजालाच अडवलं

एकदा काय झालं, एका नगराच्या वेशीला वाचा फुटली. दगडी वेस, पण चुरूचुरू बोलायची, बरं का! राजाने सांगावं आणि तिने शब्दन्‌शब्द पाळावा.

त्या वर्षी नदी कोपली. पल्याडची गावं वाहून गेली. तिथली माणसं पोरंबाळं घेऊन वेशीपाशी आली. त्यांत होती सगुणा. तिचे दिवस भरले होते. तिला बाळापुरता आडोसा हवा होता, एवढंच.

तटावरून सावकार म्हणाला, "आपल्यालाच पुरेना, यांना कुठून?" कोतवाल म्हणाला, "चोर असले म्हणजे?" सोनारणीने तर डोळे पुसले. "दया येते गं बाई, पण माझ्या आळीत नको." मग राजाने वेशीला हुकूम सोडला, "बाहेरून आलेल्या कुणालाही आत घेऊ नकोस!"

मग काय! सगुणा वेशीच्या उंबऱ्यावरच बाळंत झाली. मुलगी झाली. लुगड्याच्या धडप्यात लेकीला गुंडाळून ती वाऱ्यात बसून राहिली. राग आला हो तिला, का नाही येणार?

मग आला दसरा. सारं नगर नटूनथटून सीमोल्लंघनाला बाहेर पडलं, अगदी राजासुद्धा. सगुणाला वळसा घालून गेले मेले! आपट्याचं सोनं लुटून परत येतात, तो वेस बंद.

वेशीने विचारलं, "तुमचं कुलदैवत कुठलं?"

आता कुलदैवताबद्दल खोटं कोण बोलणार? सावकार म्हणाला, "डोंगरापल्याडचं."

"म्हणजे तू बाहेरचा."

सोनारीण म्हणाली, "समुद्रकाठचं."

"तूही बाहेरचीच."

मग राजा तावातावाने पुढे आला. "अगं, मी राजा! उघड!"

"तुझं कुलदैवत?"

राजाने मान खाली घातली. "सात नद्यांपलीकडचं."

"मग बाहेरच्याचा हुकूम मी कसा ऐकू?"

दिवस कलला, पोरं भुकेने रडायला लागली.

वेस म्हणाली, "इथली एकच आहे. माझ्या उंबऱ्यावर जन्मली ती. तिच्या आईने सांगितलं तर उघडेन."

सगुणाच्या मनात आलं, बसू देत गारठत! पण रडणारी पोरं तिला ऐकवेनात. लेकीला उचलून ती उभी राहिली. "उघड गं बाई. सगळ्यांना घे, आमच्यासकट!"

करकर करत वेस उघडली. ढोल वाजले. राजाने पहिलं सोनं त्या चिमुकल्या मुठीत ठेवलं, आणि सगुणा ताठ मानेने सगळ्यांच्या पुढे आत गेली. मग सगळे तिथे सुखाने नांदले.

आता सरका बरं जरा. त्या धाकट्यालाही गोधडीत घ्या, आणि झोपा.